आज किती उचलले?

रांझी, जबलपूर
१२ जानेवारी २०२५

गौतम,

त्या सकाळी मी आधी पाणी भरलं. दोन पिंपं, मोरीतली बादली, देवाचा तांब्या. मग मेथी निवडायला बसले. तुझ्या बाबांचे मोजे रात्रभर वाळले नव्हते, म्हणून तव्यावर धरले. ते हसले. म्हणाले, "मोज्यांची पोळी करून राहिली का?" मी डबा भरला, पराठे आणि लोणचं, आणि पोरांसाठी बिस्किटांचे पुडे. ते दारात बसून दोर तपासत होते. इंच इंच बोटांतून काढायचे. रिछाईच्या कारखान्यात तीस वर्षं क्रेनखाली साखळ्या बांधल्या, त्यांनी बांधलेला नग एकदाही सुटला नाही. घणाच्या आवाजाने कान गेले, बोटं नाही गेली. सातला व्हॅन घेऊन ते निघाले.

दुपारी बारा वीसला त्यांचा फोन आला. मी चटणीसाठी मिक्सर लावला होता. फोन उचलून फळीवर ठेवला आणि मिक्सर चालूच ठेवला, नुसता वारा ऐकू येत होता. फोन अकरा मिनिटं चालू होता, हे मला नंतर पोलिसांनी सांगितलं.

हे तुला ठाऊक आहे. मी जबाबात हेच लिहून दिलं आहे. पुन्हा लिहिलं, कारण पंचवीस फेब्रुवारीला माझी साक्ष आहे. सरकारी वकिलांचं पत्र आलं.

तू फोन उचलत नाहीस. उचलला असतास तरी मला फोन कानाला लावता येत नाही, त्याला आता दोन वर्षं झाली. म्हणून कागद. पुण्याचा पत्ता विष्णुपंतांकडून घेतला. बाबांच्या क्रेनच्या केबिनमध्ये बसायचे तेच विष्णुपंत, आता बाबांच्या नावाचा निधी तेच सांभाळतात. निधी म्हणजे फार मोठं काही नाही. दोन दोर, चौदा हेल्मेटं, शिकवायला प्रणोती नावाची मुलगी, आणि गावच्या पोरांना सुट्टीच्या दिवशी कड्यावर नेणारी एक भाड्याची जीप.

या वर्षी शिबिर कुसुमटोल्याला आहे. तू विष्णुपंतांना म्हणालास, "ज्यांनी मारलं त्यांचीच पोरं खेळवून राहिली माझी आई. ती माझी आई नाही." विष्णुपंतांनी ते मला सांगितलं. ते काही लपवत नाहीत.

तुझी आई

२६ जानेवारी २०२५

गौतम,

तू उत्तर दिलं नाहीस. मी तरी लिहिते.

त्याच गावी काहून, असं तू विष्णुपंतांना विचारलंस. निधीच्या बैठकीत मी म्हटलं, पोरांचा काय दोष. सगळ्यांनी माना हलवल्या, एकाने डोळे पुसले. ते मी खोटं बोलले होते. मला ती जागा बघायची होती, आणि शिबिराशिवाय तिथे जायला दुसरं निमित्त नव्हतं. पहिल्या दिवशी गेले तेव्हा माझ्या पिशवीत खलबत्त्याचा बत्ता होता, लोखंडी. वर रुमाल आणि पाण्याची बाटली.

जीप तिठ्यावर थांबली. तिथलं कडुलिंबाचं झाड तू पाहिलं आहेस. साल कमरेइतक्या उंचीवर गोल घासलेली आहे, अजून भरून आलेली नाही. त्यांनी बाबांना त्यांच्याच दोराने बांधलं होतं. ज्या दोराने सकाळी सात पोरं वर घेतली, तोच. गाठी वाईट होत्या, असं विष्णुपंत शवागारातून आल्यावर म्हणाले होते. एवढंच म्हणाले आणि मग ओटीवर बसून राहिले.

झाडासमोर शालिग्रामची चहाची टपरी होती. आता तिथे काळे पडलेले चार खांब आहेत. शालिग्राम दोन वर्षं जेलमध्ये आहे. त्याच्याबरोबर आणखी पाच जण, पण पहिली आरोळी त्याने दिली आणि पहिला फटका त्याने मारला, तेलातून काढलेल्या झाऱ्याने. बाबांच्या गालावर जाळीची खूण होती. ती तू पाहिलीस, मी पाहिली. नंतर गावातले लोक काठ्या, लोखंडी पाने, सायकलची साखळी घेऊन आले. व्हॅनमधली सात पोरं काचा बडवत होती, "चाचा हैं, हमारे चाचा हैं" म्हणून. त्यांना कुणी बाहेर काढलं नाही. सगळं काचेतून पाहिलं त्यांनी.

मला शालिग्रामच्या बायकोचं घर हवं होतं. एका पोरीला विचारलं. ती म्हणाली, "हमारी अम्मा हैं, चलो." बारा वर्षांची असेल. इंदू नाव. ती पुढे, मी मागे. पिशवीत हात घालून मी बत्त्यावर मूठ आवळली होती. तिच्या डोक्याचा भांग मला स्पष्ट दिसत होता, सरळ, तेल लावलेला. हिला मारलं तर तो जेलमध्ये जन्मभर जळेल, एवढंच माझ्या मनात होतं. मी हात बाहेर काढला होता, गौतम. रुमाल खाली पडला.

पोरीने वाकून तो उचलला आणि मागे वळून मला दिला. डाव्या हाताने. त्या हाताची कातडी कोपरापासून बोटांपर्यंत ओढलेली आहे, चकचकीत. बोटं अर्धीच मिटतात.

मी विचारलं, काय झालं.

"टपरी में थी. बप्पा के जेल जाने के बाद किसी ने आग लगा दी. मैं अंदर कॉपी ढूँढ रही थी."

मी त्यांच्या घरी पाणी प्यायले. तिची आई पायावर पडायला आली, मी पाय मागे घेतले. बत्ता तसाच परत आणला. परवा त्याने जिरं कुटलं.

आई

९ फेब्रुवारी २०२५

गौतम,

विष्णुपंतांकडे तुझा निरोप आला. "आईला म्हणावं, जे लिहून दिलं आहे तेच बोल. एक शब्द कमी नको, एक जास्त नको." बरं झालं, काही तरी आलं.

मागच्या रविवारचं सांगते. इंदूला कड्यावर यायचं होतं. प्रणोती म्हणाली, हाताने जमणार नाही. इंदू म्हणाली, "पैर तो ठीक हैं, दीदी." प्रणोती हसली आणि तिला पट्टा बांधला. मी आजकाल वर बसते, खडकाला बांधलेली. खालचं पोर चढत आलं की ढिला झालेला दोर वर ओढून घ्यायचा, एवढं काम मला येतं. माझ्यामागे प्रणोती दुसरा दोर धरून असते. बाबांची पद्धत तीच होती. त्यांनी ती क्रेनवरून आणली. दोर वर घ्यायचा झाला की पोरं खालून ओरडायची, "उठाओ." प्रणोतीने शिबिरात इंग्रजी शब्द शिकवले आहेत. जुना शब्द कुणी वापरायचा नाही असं मीच तिला सांगितलं होतं. कारण सांगितलं नव्हतं.

इंदू अर्ध्यावर आली. उजवा हात चिरेत, डावा नुसता दगडावर टेकवलेला. पाय घसरला तिचा. भीतीने ती प्रणोतीचे शब्द विसरली आणि खालून किंचाळली, "दादी, उठा लो."

माझ्या हातून दोर सुटला.

सुटला म्हणजे मी सोडला. दोन्ही तळवे उघडले आणि कानांवर घेतले. प्रणोतीच्या दोरावर पोर लोंबकळली, खडकावर आपटली, तिचं कपाळ फुटलं. प्रणोतीने तिला वर ओढलं. रक्त भुवईवरून तोंडात जात होतं, आणि ती पोर मलाच विचारत होती, "दादी, आपको लगी क्या?"

जीपमध्ये प्रणोती म्हणाली, "काकू, मला सांगा नाही तर वर बसू नका."

शुक्रवारी नेपियर टाउनला सरकारी वकिलांकडे गेले होते. चांगला माणूस आहे. त्यांनी चहा दिला, जबाब वाचून दाखवला. म्हणाले, शालिग्राम पहिल्या दिवसापासून एकच रडगाणं गातो. म्हणे, चाचांचा फोन मोठ्या आवाजावर होता आणि पलीकडून एका बाईने विचारलं, कितने बच्चे उठाए. म्हणे, म्हणून तो ओरडला. वकील हसले. "बघा, काय डोकं चालवलंय. खून करून वर मेलेल्या माणसाच्या बायकोवर ढकलतो. जज साहेबांना याचाच राग येईल. तुम्ही फक्त मिक्सर चालू होता ते सांगा. बाकी मी बघतो."

मी चहा संपवला.

आई

१७ फेब्रुवारी २०२५

गौतम,

हे पत्र स्पीड पोस्टने पाठवते आहे, साक्षीच्या आधी तुला मिळावं म्हणून. उभं राहून वाचू नकोस.

मिक्सर बंद होता. त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. चटणी मी पाट्यावर वाटली.

बाबा कारखान्यात असताना रोज संध्याकाळी मी त्यांना दारातच विचारायची, "आज किती उचलले?" म्हणजे किती नग. ते आकडा सांगायचे आणि मग चपला काढायचे. तू लहान होतास, तूही विचारायचास. निवृत्तीनंतर ते पोरांना कड्यावर न्यायला लागले, तेव्हाही मी तेच विचारत राहिले. घाटपिपरियाच्या त्या पोरांना आमचा हा खेळ माहीत होता. परतताना फोन आला की ती गाडीत गप्प बसून वाट बघायची. त्यांना कळावं म्हणून मी हिंदीत विचारायची, आणि सगळी मिळून आकडा ओरडायची. बाबांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर.

त्या दिवशी पोरं गाडीत बिस्किटं खात होती. बाबा एकटे टपरीवर त्यांच्यासाठी भजी घ्यायला उतरले होते. मला ते दिसत नव्हतं. फोन आला आणि मी विचारलं,

"क्यों जी, आज कितने बच्चे उठाए?"

ते हसले. म्हणाले, "सात उठा लिए. एक छूट गया." आठव्या पोराला ताप होता, ते आलं नव्हतं.

त्या महिन्यात सगळ्यांच्या मोबाइलवर ते व्हिडिओ फिरत होते. बाहेरगावची टोळी आली आहे, पांढरी गाडी आहे, भलतीच भाषा बोलतात, पोरं उचलून नेतात. आपल्याकडेही आले होते. त्यातला एक मी पाहून पुढे पाठवला होता, समोरच्या बाईला.

मग शालिग्रामचा आवाज आला. जवळून. "किसको उठाया बे?" बाबांना नीट ऐकू गेलं नसावं, ते मराठीतच मला म्हणाले, "थांब, हा काय म्हणतो बघतो." ती मराठी ऐकून कुणीतरी ओरडलं, "वही है, वही बोली है." मग झाऱ्याचा आवाज. तेलाचा थेंब तव्यावर पडतो तसा, आणि मग बाबांचा.

पुढचं मी सगळं ऐकलं. फोन खाली पडला होता, पण बंद झाला नव्हता. मी कापला नाही. कापला असता तर दुसरा फोन करता आला असता, पोलिसांना, विष्णुपंतांना, कुणालाही. घरात एकच फोन होता, पण समोरच्या घरी दुसरा होता, दहा पावलांवर. मी हलले नाही. हातात वरवंटा, आणि मी ऐकत उभी. लाकडाचा मार मांसावर वेगळा वाजतो आणि हाडावर वेगळा. मला तो फरक आता कळतो. पोरं काच बडवत होती तेही ऐकलं. बाबा सुरुवातीला हिंदीत सांगत होते, मैं तो घुमाने लाया हूँ, बच्चों से पूछ लो. कुणी विचारलं नाही. नंतर मराठीत बोलू लागले. मार खाताना माणूस घरच्या भाषेत येतो. आणि ती भाषा ऐकून ते अजून मारत. एकदा त्यांनी माझं नाव घेतलं. शरयू, सांग यांना. मी फोनमध्ये ओरडले. काय ओरडले ते सांगते. "अहो, सोडा त्यांना, ती पोरं त्यांनी उचललीत ती दोराने." मराठीत. मला एक हिंदी शब्द सुचला नाही. पस्तीस वर्षं या शहरात, भाजीवाल्याशी, कंडक्टरशी, शेजाऱ्यांशी हिंदी, आणि त्या अकरा मिनिटांत एक शब्द नाही. कुणीतरी म्हणालं, "औरत भी मिली हुई है," आणि फोनवर पाय दिला.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मिक्सर तोंडातून निघाला. त्या हवालदाराने तो लिहून घेतला, आणि मग तेच खरं झालं. दोन वर्षं लोक शालिग्रामला खोटारडा म्हणतात आणि मला बरं वाटतं. वकील हसले तेव्हाही बरं वाटलं. हे मी तुझ्यापाशी कबूल करते. त्याने मारलं आहे, तो सुटू नये असं मला आजही वाटतं. पण त्याने जे ऐकलं ते ऐकलं होतं, आणि हे सांगू शकणारी मी एकटीच जिवंत आहे.

आता दुसरं. बाबांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू सकाळी निघून गेलास आणि दुपारी आलास. तुझा निळा शर्ट मी धुतला. रॉकेलचा वास तीन पाण्यांत गेला नाही. चौथ्यांदा लिंबू घातलं. त्याच संध्याकाळी तू पुण्याची गाडी धरलीस. मी कुणाला काही बोलले नाही आणि कोर्टातही मला ते कुणी विचारणार नाही. टपरी बंद होती, आत कुणी नसेल असंच तुला वाटलं असणार. माझ्या पोटचा तू, इतकं मला माहीत आहे. पण आत पोरगी वही शोधत होती. तिचं नाव तुला कळवलं आहे. म्हणून तुला कुसुमटोला नको होतं, हे मला त्या रुमालाच्या दिवशी समजलं.

पंचवीसला अकरा वाजता. यायचं तर ये.

आई

२७ फेब्रुवारी २०२५

गौतम,

तू मागच्या बाकावर होतास. दाढी वाढवली आहेस. मी आत येताना तू खाली बघत होतास, म्हणून हाक मारली नाही.

तू अर्ध्यातून उठून गेलास, तर पुढचं सांगते. सरकारी वकिलांनी विचारलं, फोन आला तेव्हा तुम्ही काय करत होता. मी सांगितलं, चटणी वाटत होते, पाट्यावर, लाइट नव्हती. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं, मिक्सर? मी म्हटलं नाही. मग मी जे तुला लिहिलं तेच सगळं सांगितलं, हिंदीत, सावकाश, त्या अकरा मिनिटांत सुचलं नव्हतं ते. झाऱ्याचंही सांगितलं. व्हिडिओ मी पुढे पाठवला होता तेही. तू तेव्हा उठलास.

समोरच्या वकिलाला आनंद झाला. त्याने मला मोठ्या आदराने विचारलं, म्हणजे माताजी, हा सगळा गैरसमज तुमच्या बोलण्यामुळे झाला, असं म्हणायचं का?

मी म्हटलं, "बात मेरी थी, साहब. मार इनकी थी. बात एक बार निकली. मार ग्यारह मिनट चली."

जज साहेबांनी ते दोनदा लिहायला लावलं.

शालिग्राम कठड्यात होता. म्हातारा झाला आहे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असून. मी खरं बोलले म्हणून तो रडेल असं मला वाटलं होतं. तो रडला नाही. माझ्याकडे बघून त्याने फक्त मान हलवली, जणू त्याने इतकी वर्षं जे ऐकलं तो भास नव्हता, एवढंच त्याला हवं होतं. मला त्याची दया आली नाही. त्याच्या हाताकडे लक्ष गेलं. ज्या हाताने झारा धरला होता.

बाहेर विष्णुपंत म्हणाले, वहिनी, आता तो कमी शिक्षेवर सुटेल, आपण हरलो. शिक्षा किती होईल ते मला माहीत नाही. खोटा जबाब दिला म्हणून माझ्यावरही काही होऊ शकतं, वकील रागात म्हणाले. होऊ दे. निधीवर बाबांच्या नावाशेजारी माझं नाव आहे, ते काढायचं तर काढा, असं मी विष्णुपंतांना सांगितलं. त्यांनी मला रिक्षात बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

तू कुठे उतरला आहेस, मला माहीत नाही. हे पत्र पुण्यालाच पाठवते. घरी आलास तर बघ, तुझ्या बाबांचा डबा अजून तसाच आहे, मोजेही.

साक्षीच्या दुसऱ्या दिवशी शिवरात्रीची सुट्टी होती. जीपमध्ये बसण्याआधी मी प्रणोतीला सगळं सांगितलं, तिने ऐकून घेतलं, आणि कड्यावर आल्यावर माझा पट्टा स्वतः बांधला. मी कुसुमटोल्याच्या पोरांना म्हटलं, आजपासून जुना शब्द चालेल. चढायला इंदू सातवी होती, कपाळावर पट्टी. अर्ध्यावर आली, थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "दादी, उठा लो." मी दोर ओढला आणि तिला वर घेतलं.

आई